मृत्यूनंतरची शुश्रूषा: मेंदूमृत अवयवदात्याच्या देखभालीचा इतिहास

१/२५
अतिदक्षता विभागातील एका खाटेवर एक देह आहे. डॉक्टरांच्या मंडळाने कायद्याप्रमाणे मृत्यू प्रमाणित केला आहे आणि नातेवाइकांनी अवयवदानास संमती दिली आहे. तरीही परिचारिका दर तासाला लघवीचे माप लिहून घेते, रक्तदाब पाहते, सलाईनचा वेग बदलते, अंगावर उबदार पांघरूण घालते. हे उपचार नेमके कोणावर चालले आहेत? मृत व्यक्तीची देखभाल करण्याची वेळ वैद्यकशास्त्रावर आली कशी? हा इतिहास जेमतेम सत्तर वर्षांचा आहे. कोपनहेगन, पॅरिस, केपटाउन अशी वळणे घेत तो परळच्या केईएम रुग्णालयापर्यंत येतो. #धागा

२/२५
प्रत्यारोपणाचा इतिहास सहसा शल्यविशारदांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९५४ साली बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये केलेले मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि १९६७ साली ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलेले हृदय प्रत्यारोपण ही त्यातील ठळक पाने. पण अवयव शस्त्रक्रियागृहात पोहोचण्याआधीचे काही तास या पानांवर क्वचितच दिसतात. त्या तासांत दात्याचा रक्तदाब कोसळला, तर संमती असूनही दान होत नाही. आज किती जणांना अवयव मिळू शकतो, हे बऱ्याच अंशी त्या तासांवर ठरते. या धाग्याचा विषय ते तास आहेत.

३/२५
सुरुवात १९५२ च्या कोपनहेगनमधून करावी लागते. पोलिओच्या भीषण साथीत ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज येत होते आणि यंत्रे मोजकीच होती. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हाताने हवा भरण्याचा उपाय सुचवला. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस पिशव्या दाबून रुग्णांचे श्वास चालू ठेवले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उभा केला. आजच्या अतिदक्षता विभागाचा तो पूर्वज होय.

४/२५
या यशातून एक अवस्था निर्माण झाली, जी मानवी इतिहासात त्यापूर्वी शक्यच नव्हती. पूर्वी मेंदू निकामी झाला की श्वास थांबे आणि काही मिनिटांत हृदयही थांबे. आता श्वास यंत्र देत होते, त्यामुळे हृदय चालूच राही. १९५९ मध्ये पॅरिसच्या क्लोद बर्नार रुग्णालयातील मोलारे आणि गुलों या डॉक्टरांनी अशा २३ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी या अवस्थेला ‘कोमा देपासे’, म्हणजे बेशुद्धीच्याही पलीकडची अवस्था, असे नाव दिले. रक्तदाब टिकत नाही, शरीर स्वतःचे तापमान राखू शकत नाही, लघवीचे प्रमाण अतोनात वाढते, या नोंदी त्यांच्या निबंधातच आहेत. पण ही अवस्था म्हणजे मृत्यू असे त्यांनी म्हटले नाही. अवयवदानाचा तर त्या निबंधात संबंधच नव्हता.

५/२५
तो संबंध बेल्जियममध्ये जुळला. गी अलेक्झांद्र हे तरुण शल्यविशारद बोस्टनमध्ये मरे यांच्याकडे शिकून आले होते. तेथे दात्याचा व्हेंटिलेटर बंद करून, हृदय थांबण्याची वाट पाहून मगच मूत्रपिंड काढले जाई. त्या प्रतीक्षेत रक्तपुरवठ्याअभावी मूत्रपिंडाची हानी होई. ज्याचा मेंदू पूर्ण निकामी झाला आहे त्याला मृत मानायचे, तर अवयवाला ही इजा कशासाठी, असा प्रश्न अलेक्झांद्र यांना पडला. ३ जून १९६३ रोजी लुव्हेन येथे हृदय चालू असलेल्या मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड काढून त्यांनी प्रत्यारोपण केले. ते मूत्रपिंड लगेच काम करू लागले. रुग्ण मात्र ८७ दिवसांनी जंतुसंसर्गाने दगावला.

६/२५
१९६६ मध्ये लंडनच्या एका परिसंवादात अलेक्झांद्र यांनी आपले निकष मांडले, तेव्हा सभागृहात बसलेले दिग्गज अस्वस्थ झाले. हृदयाचे ठोके चालू असताना माणसाला मृत मानणे आपल्या चमूला पटणार नाही, अशी भूमिका अमेरिकेतील यकृत प्रत्यारोपणाचे प्रवर्तक टॉमस स्टार्झल यांनी घेतली. परंपरागत व्याख्येनुसार हे जिवंत माणसाचे मूत्रपिंड काढणेच ठरते, असा इशारा इंग्लंडचे रॉय कॅल्न यांनी दिला. अलेक्झांद्र यांच्या निकषांमध्ये एक महत्त्वाचा मुद्दा होता: रक्तदाब सतत घसरणे आणि तो टिकवण्यासाठी औषधाची मात्रा वाढवत न्यावी लागणे. म्हणजे पुढे जी अस्थिरता देखभालीची मुख्य समस्या ठरली, तीच येथे मृत्यूची खूण म्हणून नोंदवली गेली होती.

७/२५
३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनच्या ग्रूट स्खूर रुग्णालयात बर्नार्ड यांनी मोटार अपघातात मेंदूला प्राणघातक इजा झालेल्या डेनिस डारव्हॉल या तरुणीचे हृदय लुईस वॉशकान्स्की यांच्या छातीत बसवले. संमती तिच्या वडिलांनी दिली होती. अधिकृत वृत्तांतानुसार तिचा व्हेंटिलेटर बंद करून, हृदय थांबल्यावरच ते काढण्यात आले. वॉशकान्स्की १८ दिवस जगले. जगभर जल्लोष झाला, पण एक प्रश्न उघडा पडला. मूत्रपिंड रक्ताविना काही काळ तग धरते, हृदय फार कमी. म्हणून हृदयाच्या प्रत्यारोपणाला मृत्यूची नवी व्याख्या आणि त्या व्याख्येनंतरही अवयव जपण्याची विद्या, दोन्ही हवे होते.

८/२५
बर्नार्ड यांच्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. जगात तोपर्यंत अशा शस्त्रक्रिया एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या होत्या. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी सेन यांनी दुसरा प्रयत्न केला. तोही रुग्ण एक दिवसाच्या आत दगावला. त्या काळी भारतात मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती. अंग नाकारले जाऊ नये म्हणून द्यायची औषधेही जगभरच अपुरी होती. परळमध्ये शस्त्रक्रियेचे धाडस होते, पण तिच्या भोवतीची व्यवस्था अजून जन्माला यायची होती.

९/२५
व्याख्येचा प्रश्न हार्वर्डच्या समितीने हाती घेतला. भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांच्या अध्यक्षतेखालील या समितीचा अहवाल ५ ऑगस्ट १९६८ रोजी प्रसिद्ध झाला. कोणत्याही उत्तेजनाला प्रतिसाद नाही, स्वतःची हालचाल व श्वास नाही, प्रतिक्षिप्त क्रिया नाहीत, आणि २४ तासांनी पुन्हा तपासूनही स्थिती तीच, असे निकष ठरले. शरीर फार थंड असेल किंवा झोपेच्या औषधांचा अंमल असेल, तर निदान करू नये, असेही स्पष्ट लिहिले गेले. १९७६ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या परिषदेने मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूवर भर दिला. १९८१ मध्ये अमेरिकेत मृत्यूनिश्चितीच्या समान कायद्याचा मसुदा आला.

१०/२५
व्याख्या कागदावर आली म्हणजे विश्वास आपोआप येतो असे नाही, हे जपानने दाखवले. ऑगस्ट १९६८ मध्ये सप्पोरो येथे जुरो वाडा यांनी देशातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण ८३ दिवसांनी दगावला. त्यानंतर दाता खरोखर मेंदूमृत होता का, याविषयी शंका उठल्या आणि वाडा यांच्यावर खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण समाजाचा विश्वास उडाला. जपानमध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९७ मध्ये आला आणि पुढचे हृदय प्रत्यारोपण १९९९ मध्ये झाले. दात्याच्या मृत्यूविषयीचा संशय एका देशाला तीस वर्षे मागे ठेवू शकतो.

११/२५
व्याख्या मान्य झालेल्या देशांत मात्र आता वेगळीच अडचण दिसू लागली. मृत्यू प्रमाणित होई, संमतीही मिळे, आणि तरी अवयव वाया जात. कारण मेंदू गेल्यावर शरीराची घडी झपाट्याने विस्कटते. याचा पहिला धागा फार जुना आहे. १९०१ च्या सुमारास हार्वे कुशिंग यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे प्रयोग करून दाखवले होते की कवटीतील दाब वाढला की शरीर रक्तदाब वाढवून मेंदूपर्यंत रक्त पोहोचवण्याची धडपड करते, आणि नाडी मंदावते. मेंदूमृत्यूच्या वेळी ही धडपड टोकाला जाते.

१२/२५
त्या टोकाला जे घडते त्याला वैद्यकात ‘वादळ’च म्हणतात. अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम उसळतात. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब आभाळाला भिडतो, निरोगी हृदयाच्या स्नायूलाही इजा होते, फुफ्फुसांत पाणी उतरते. हे वादळ थोडाच वेळ टिकते. मग उलट घडते. रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे मेंदूचे आदेशच बंद झालेले असतात, म्हणून त्या सैलावतात आणि रक्तदाब कोसळतो. मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड यांना रक्त कमी पडू लागते. यंत्राने श्वास चालू असला, तरी या घसरणीवर यंत्राकडे उपाय नसतो.

१३/२५
याच वेळी मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी काम थांबवते. लघवीवर नियंत्रण ठेवणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मिळेनासे होते आणि काही तासांत कित्येक लिटर पाणी शरीराबाहेर जाते. रक्त आटते, त्यातील सोडियम वाढते, आणि याचा फटका विशेषतः यकृताला बसतो. तापमान राखणारे केंद्र बंद पडल्याने देह खोलीच्या तापमानाकडे झुकू लागतो. पॅरिसच्या डॉक्टरांनी १९५९ मध्ये टिपलेली लक्षणे हीच होती. त्यांच्यासाठी ती शेवटाची वर्णने होती. पंचवीस वर्षांनी तीच लक्षणे उपचारांची यादी बनली.

१४/२५
या यादीचा मोठा भाग पुन्हा ग्रूट स्खूरमध्येच लिहिला गेला. १९८० च्या दशकात दिमित्री नोव्हिट्स्की, डेव्हिड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांमध्ये प्रयोगाने मेंदूमृत्यू घडवून प्रत्येक टप्पा मोजला. वादळ, हृदयाच्या स्नायूची इजा आणि त्यानंतर थायरॉइड, कॉर्टिसोल, व्हॅसोप्रेसिन यांची घसरण त्यांनी नोंदवली. त्यावरून एक मोहक तर्क उभा राहिला: जी संप्रेरके कमी पडली ती बाहेरून द्या, म्हणजे हृदय सावरेल. त्यांनी मानवी दात्यांना थायरॉइड संप्रेरक, कॉर्टिसोल आणि इन्सुलिन देऊन पाहिले व रक्तदाब सुधारल्याचे १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. हा तर्क पुढे कसा वळला, ते क्रमाने पाहू.

१५/२५
इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या पॅपवर्थ रुग्णालयाने हा विचार पद्धतशीरपणे राबवला. हृदय नाकारण्याऐवजी त्यांचा चमू दात्याच्या रुग्णालयात जाई, हृदयातील दाब नळीने मोजी, पाण्याचे प्रमाण नेमके ठरवी, रक्तदाब वाढवणारी तीव्र औषधे कमी करी आणि संप्रेरके देई. १९९५ मध्ये त्यांनी निकाल छापले. १५० दात्यांपैकी ५२ दाते पोहोचताच तपासले असता स्वीकाराच्या निकषांत बसत नव्हते. काही तासांच्या देखभालीनंतर त्यांपैकी ४४ जणांचे अवयव प्रत्यारोपणाला वापरता आले. ‘अयोग्य दाता’ हा शिक्का पुष्कळदा दात्याचा दोष नसून न झालेल्या देखभालीची नोंद असतो, हे यातून उघड झाले.

१६/२५
याच सुमारास अतिदक्षता विभागांमध्ये ‘शंभराचा नियम’ रुळला. वरचा रक्तदाब १०० च्या वर, लघवी तासाला १०० मिलिलिटरच्या वर, रक्तातील प्राणवायूचा दाब १०० च्या वर आणि हिमोग्लोबिन लिटरला १०० ग्रॅमच्या वर. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला लक्षात राहील इतका हा सोपा होता. स्पेनने त्याहून मोठी गोष्ट केली. १९८९ मध्ये राफाएल मातेसान्झ यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिली आणि प्रत्येक रुग्णालयात समन्वयक नेमले गेले. ते बहुतांशी अतिदक्षता विभागातीलच डॉक्टर होते. दशलक्ष लोकसंख्येमागे १४ च्या आसपास असलेले दात्यांचे प्रमाण दहा वर्षांत ३० च्या वर गेले.

१७/२५
अमेरिकेत संप्रेरकांच्या उपचाराला आकड्यांचे बळ मिळाले ते २००३ मध्ये. २००० आणि २००१ या काळातील १०,२९२ मेंदूमृत दात्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी ७०१ जणांना स्टेरॉइड, व्हॅसोप्रेसिन आणि थायरॉइड संप्रेरक ही तिन्ही औषधे मिळाली होती. या गटात दर दात्यामागे सरासरी ३.८ अवयव वापरले गेले, तर इतरांमध्ये ३.१. वाढ २२ टक्क्यांहून अधिक. आकडा प्रभावी होता, तर्क पटणारा होता आणि प्रतीक्षायादी लांबत होती. थायरॉइड संप्रेरक अमेरिकेतील अनेक अवयवदान संस्थांच्या नित्य पद्धतीत जाऊन बसले.

१८/२५
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थबकावे. बखर वाचताना आपण विचारतो की ती कोणी, केव्हा, कशासाठी लिहिली, आणि तिला समकालीन पत्राचा दुजोरा आहे का. तोच प्रश्न या आकड्याला विचारायला हवा. ती ७०१ माणसे कशी निवडली गेली होती? ज्या रुग्णालयात तीन औषधे देण्याइतके लक्ष होते, तेथे पाणी, प्राणवायू आणि रक्तदाब यांकडेही अधिक लक्ष असण्याचा संभव होता. मग वाढलेले अवयव औषधांचे की एकूण दक्षतेचे? घडून गेलेल्या नोंदी चाळून याचे उत्तर निघत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. तसे जे लहान प्रयोग झाले होते, त्यांत थायरॉइडचा फायदा दिसत नव्हता, हे २०१२ मधील एका आढाव्याने दाखवले.

१९/२५
निर्णायक चाचणी यायला केपटाउनच्या प्रयोगांनंतर जवळजवळ चाळीस वर्षे लागली. अमेरिकेतील १५ अवयवदान संस्थांनी मिळून ८५२ मेंदूमृत दात्यांना चिठ्ठीने दोन गटांत वाटले. एका गटाला थायरॉइड संप्रेरक, दुसऱ्याला साधे सलाईन. निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. संप्रेरक मिळालेल्या गटात ५४.९ टक्के दात्यांची हृदये वापरली गेली, सलाईनच्या गटात ५३.२ टक्के. हा फरक अर्थपूर्ण नव्हता. संप्रेरकाच्या गटात रक्तदाब फार वाढण्याचे व नाडी जलद होण्याचे प्रसंग मात्र अधिक होते. एक सुंदर तर्क, हजारो दात्यांवर वर्षानुवर्षे वापरलेला, परीक्षेत टिकला नाही. व्हॅसोप्रेसिनचे स्थान मात्र कायम आहे, कारण लघवीतून वाहून जाणारे पाणी तो खरोखर रोखतो.

२०/२५
फुफ्फुसांची कहाणी याच्या उलट आहे. मेंदूमृत दात्यांमधून फुफ्फुसे फारच थोडी वापरता येत. २०१० मध्ये युरोपातील एका चाचणीत ११८ दात्यांपैकी निम्म्यांना नेहमीप्रमाणे मोठे श्वास दिले गेले आणि निम्म्यांना लहान, जपून दिलेले श्वास. वजनाच्या दर किलोमागे १० ते १२ मिलिलिटरऐवजी ६ ते ८. सहा तासांनी फुफ्फुसे पात्र ठरलेल्या दात्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेले, आणि प्रत्यक्ष काढलेल्या फुफ्फुसांचे प्रमाण २७ वरून ५४ टक्क्यांवर. येथे नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. व्हेंटिलेटरवरील आकडा तेवढा बदलला होता.

२१/२५
मूत्रपिंडाच्या बाबतीतही साध्या गोष्टी उपयोगी ठरल्या. २००९ मध्ये युरोपातील २६४ दात्यांच्या चाचणीत डोपामिनची अल्प मात्रा दिलेल्या गटात, एकापेक्षा अधिक वेळा डायलिसिस लागणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ३५.४ वरून २४.७ टक्क्यांवर आले. २०१५ मध्ये अमेरिकेत ३७० दात्यांवर झालेल्या चाचणीत देहाचे तापमान नेहमीच्या ३७ अंशांजवळ ठेवण्याऐवजी ३४ ते ३५ अंशांवर ठेवले गेले. मूत्रपिंड सुरुवातीला नीट न चालण्याचे प्रमाण ३९ वरून २८ टक्के झाले. चाचणी मध्येच थांबवली गेली, कारण फायदा स्पष्ट दिसला होता. ज्या थंडाव्याशी डॉक्टर दशके झगडले, तोच मोजूनमापून दिला तर उपयोगी ठरला. अर्थात हे मृत्यू प्रमाणित झाल्यानंतरच. त्याआधीचा थंडावा निदानाच्या आड येतो.

२२/२५
येथेच या विद्येतील सर्वांत नाजूक रेषा आहे. मृत्यू प्रमाणित होईपर्यंत समोरची व्यक्ती रुग्ण आहे आणि प्रत्येक उपचार तिच्या हितासाठी असतो. प्रमाणित झाल्यावर तेच हात, तीच सलाईन, तोच व्हेंटिलेटर दुसऱ्या कोणाच्या हितासाठी चालतो. रेषेच्या दोन्ही बाजूंना दृश्य सारखेच दिसते, म्हणून नातेवाइकांना शंका येणे स्वाभाविक आहे. सप्पोरोचा धडा हाच होता. म्हणून मृत्यू ठरवणारे आणि प्रत्यारोपण करणारे वेगळे असावेत, हा नियम जगभर मानला जातो. संशोधनापुढेही पेच आहे: दाता मृत आहे, पण प्रयोगाचा परिणाम अवयव घेणाऱ्या जिवंत माणसावर होतो. मग संमती कोणाची घ्यायची? अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये केवळ या प्रश्नावर अहवाल काढला.

२३/२५
भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून अमलात आला. तो आरंभी लागू झालेली राज्ये तीन: महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश. सोबत केंद्रशासित प्रदेश. या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू प्रमाणित करते आणि तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. प्रत्यारोपणाच्या चमूतील कोणी या मंडळात नसतो. आता त्या सहा तासांचा विचार करा. रक्तदाब कोसळला किंवा देह थंड पडला, तर दुसरी तपासणी नीट होऊ शकत नाही, आणि हृदय थांबले तर हृदय-यकृताच्या दानाचा प्रश्नच संपतो. देखभालीशिवाय कायद्याची प्रक्रियाही पूर्ण होत नाही.

२४/२५
कायद्याच्या दोन बाजू अजून जुळायच्या आहेत. मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूची व्याख्या प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील मृत्यूची व्याख्या मात्र ‘जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणे’ अशा अर्थाची जुनीच आहे. त्यामुळे अवयवदान होत नसेल तेथे डॉक्टर संभ्रमात सापडतात, आणि कुटुंबालाही वाटते की अवयव हवे असले तरच माणूस मृत ठरतो. २०११ च्या दुरुस्तीने समन्वयक अनिवार्य केला आणि मंडळात भूलतज्ज्ञ व अतिदक्षता तज्ज्ञांनाही वाट मोकळी केली. २०१४ च्या नियमांनी दात्याच्या देखभालीचा खर्च कुटुंबावर पडू नये असे सांगितले. तरीही भारतात मृत्यूनंतर दान करणाऱ्यांचे प्रमाण दशलक्षामागे एकाहूनही कमी आहे.

२५/२५
महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे अवयवांचे वाटप पाहतात. पश्चिम भारताची प्रादेशिक संस्था परळच्या केईएममध्येच आहे, जेथे १९६८ मध्ये डॉ. सेन यांनी व्यवस्थेविना धाडस केले होते. जुलै २०२४ मध्ये, ५६ वर्षांनी, त्याच रुग्णालयात पुन्हा हृदय प्रत्यारोपण झाले. मधल्या काळात शस्त्रक्रिया बदलली, औषधे बदलली, कायदा आला. त्याचबरोबर एक शांत काम उभे राहिले: मृत्यू मान्य करूनही त्या देहाची हेळसांड होऊ न देणे. त्याचे श्रेय कोणा एकाच्या नावावर जमा होत नाही. ते रात्रपाळीच्या तक्त्यावर, दर तासाच्या लघवीच्या नोंदीत असते. पुढे कधी प्रत्यारोपणाची बातमी वाचली, तर शल्यविशारदाच्या नावाबरोबर त्या तक्त्याचीही आठवण ठेवावी. #धागा_समाप्त